पुरावे संपल्यावरची प्रार्थना

माझ्या नवऱ्याचं तारण झालं का, असं मला अजून अधूनमधून विचारलं जातं. विचारणारी माणसं वाईट नाहीत. रविवारी उपासना आटोपली की चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी माझा हात हातात घेतं, इकडचं तिकडचं बोलतं आणि मग आवाज खाली आणून विचारतं, "शेवटी त्यांनी प्रभूला स्वीकारलं ना, ताई?" मी 'नाही' म्हणते. माझा हात सुटतो आणि आम्ही पायऱ्या उतरू लागतो. गेल्या वर्षभरात जे झालं ते एकदा नीट लिहून काढावं, असं वाटलं ते यामुळेच. यात मी काहीही सिद्ध करणार नाही. सिद्ध करण्याचं काम मी आयुष्यात पुष्कळ केलं.

मी जन्माने ख्रिस्ती. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि माझं लहानपण नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत, सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांत गेलं. पुढे मी शाळेत मराठी शिकवू लागले आणि चर्चमध्ये तरुणांचा बायबल क्लास घेऊ लागले. तो मी तेवीस वर्षं घेतला. कॉलेजात गेलेली मुलंमुली डोक्यात शंका घेऊन यायची, तेव्हा आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, त्यांना माझ्याकडे पाठवायचे. येशू मेलेल्यांतून उठला हे कशावरून, त्याचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं विश्वासार्ह कशावरून, याची उत्तरं माझ्या एका वहीत क्रमांक घालून लिहिलेली होती. मला त्या वहीचा अभिमान होता. तो अभिमान मी विश्वास समजत होते, हे आता कळतं.

माझे यजमान यशवंत बौद्ध घरातले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथेच, नागपुरात, दीक्षा घेतली होती. यशवंत सावनेरकडच्या कोळसा खाणीत आधी सरदार होते, मग सरदारांच्या वरचे ओव्हरमन झाले. सरदार म्हणजे कामगार आत शिरण्याआधी दगडाचं छत ठोकून बघणारा, आवाजावरून ते पक्कं की पोकळ हे ओळखणारा माणूस. आमचं लग्न कोर्टात झालं आणि दोन्ही घरं काही वर्षं रुसली. आम्हाला मूल झालं नाही. लग्नानंतरची एकतीस वर्षं मी रोज एकच मागणं मागत आले, की यांनी विश्वास ठेवावा. ते मला दर रविवारी स्कूटरवर चर्चला सोडायचे, बाहेर झाडाखाली पेपर वाचत थांबायचे आणि परत घेऊन जायचे. आत कधी आले नाहीत. पण कधी थट्टाही केली नाही.

निवृत्तीनंतर आम्ही नागपुरातच मनीषनगरला घर घेतलं. तिथे दुसऱ्याच वर्षी त्यांचा खोकला वाढला आणि डॉक्टरांनी सांगितलं, की फुप्फुसं घट्ट होत चालली आहेत, ती आता परत मऊ होणार नाहीत. डिसेंबरात ते दवाखान्यातून घरी आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत पुरेल एवढी लांब नळी, आणि मशीनची दिवसभराची घरघर. त्या घरघरीत आम्ही बोलायला शिकलो.

जानेवारीत एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "आता मायापाशी टाइम हाय. तुया वहीतलं सगळं काढ. एकदा नीट पाहून घेऊ."

"खरंच?" मी विचारलं.

"खरंच. एकतीस वर्षं तू म्हणून राहिली, की पुरावा हाय. मी कधी बसून पाह्यलाच नाही. ते काही बरोबर नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. आनंदाने. मला वाटलं, मागणं ऐकलं गेलं. आजार एवढ्यासाठीच आला होता असंसुद्धा त्या क्षणी माझ्या मनात आलं, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

खाणीत अपघात झाला की चौकशी होते. जे जे जवळ होते त्यांची बयानं घेतली जातात. यशवंत अशा कित्येक चौकश्यांना बसले होते. त्यांनी शुभवर्तमानं वाचली ती त्याच नजरेने, उशीला टेकून, चष्मा नाकावर, मध्ये मध्ये दम खायला थांबत. पुनरुत्थानाच्या सकाळचे चारही वृत्तांत त्यांनी माझ्याकडून चार कागदांवर उतरवून घेतले आणि ते कागद पलंगावर शेजारी शेजारी मांडले. कबरेकडे कोण गेलं? एकात एकटी मरिया, एकात दोघी, एकात तिघी, एकात बऱ्याच जणी. तिथे कोण दिसलं? कुठे एक तरुण, कुठे दोन पुरुष, कुठे आकाशातून उतरलेला दूत आणि भूकंप. शिष्यांना एकीकडे गालीलात जायला सांगितलं आहे, तर दुसरीकडे शहर सोडू नका म्हटलं आहे.

माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. मी क्लासमध्ये शंभर वेळा दिलेलं. खरे साक्षीदार तंतोतंत एकसारखं बोलत नाहीत. थोडा फरक असणं हीच खरेपणाची खूण.

ते म्हणाले, "हे बरोबर हाय. चार माणसं सारखंच बोलले, तं समजायचं घरून ठरवून आले." मग त्यांनी दुसरी पानं उघडली, आधीच्या प्रसंगांची, आणि मत्तय, मार्क, लूक यांतल्या ओळींवर बोट ठेवत गेले. वाक्यंच्या वाक्यं तीच. शब्द तेच. "पण हे पाह्य. इथं एकमेकांचं पाहून लिहिलं हाय. आन् जिथं सगळ्यात मोठी गोष्ट घडली, तिथं सगळे वेगळे. मले सांग, याले चार बयान म्हणायचं का? हे तं एक बयान हाय, दोन त्याच्यावरून दुरुस्त केलेले, आन् एक निराळंच. जे तिथं हजर होते त्यायनं लिहिलं, असं कुठं लिहून हाय?"

मी म्हटलं, परंपरा तसं सांगते. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात जिंकल्याचा आनंद असता तर मला भांडता आलं असतं.

आम्ही रोज तासभर बसायचो. एके दिवशी त्यांनी मला मार्कच्या शेवटाखालची बारीक अक्षरातली टीप वाचायला लावली. शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत, असं त्यात होतं. माझंच बायबल, वडिलांनी दिलेलं, ज्याच्या प्रत्येक पानावर माझ्या पेन्सिलीच्या खुणा. ती टीप मी कधी वाचली नव्हती. त्या ओव्या सोडल्या तर गोष्ट तिथेच संपते, की बाया भिऊन पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. भविष्यवाण्यांचंही असंच झालं. मी क्लासमध्ये जुन्या करारातली एकेक ओवी सांगून येशूवर बोट ठेवायची. यशवंतांनी ओवीच्या आधीचा आणि नंतरचा अख्खा अध्याय वाचायला लावला, आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं कुमारीच्या पोटचं बाळ, ज्याला मी येशू म्हणायची, ते आहाज राजाला त्याच्याच काळासाठी दिलेली खूण निघालं. हजारो हस्तलिखितं आहेत, असं मी म्हटलं, तर म्हणाले, एका अर्जाच्या हजार झेरॉक्स काढल्या म्हणून अर्जातलं खरं ठरत नाही.

मी चिडायला लागले होते. एकदा पुस्तक मिटून म्हटलं, "तुम्हाला ऐकायचंच नाहीये. शिष्य खोट्यासाठी मेले का? खोट्यासाठी कुणी जीव देतं?"

त्यांनी नाकाशी नळी सारखी केली. मग त्यांनी मला खाणीतल्या एका कामगाराची गोष्ट सांगितली. तो आत शिरला, कारण छत पक्कं आहे असं त्याला मनापासून वाटत होतं. "कोणी त्याच्याशी खोटं नव्हतं बोललं. तोही खोटं नव्हता बोलून राहिला. पक्कंच वाटलं त्याले. पण छत आलं ना खाली." त्यांनी चष्मा उतरवून पुसला. "मानूस ज्याले खरं समजते त्याच्यासाठी जीव देते. म्हणून ते खरं होत नाही वं."

ते छत कुणी ठोकून बघितलं होतं, हे मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

शेवटी माझ्याकडे एकच उत्तर उरलं, बदललेल्या आयुष्यांचं. दारू सोडलेली, मारझोड सोडलेली माणसं मी चर्चच्या मंडळीत पाहिली होती, नावं घेऊन सांगितली. यशवंत हसले. "माया बापानंही दारू सोडली. पाचही पोरायले शाळेत घातलं. मान वर करून चालायले लागला. छप्पन सालानंतर आमचा अख्खा मोहल्ला बदलला. आन् आमच्यात तं देवच नाही." मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, "राहू दे. आज बस झालं."

त्यांनी कागद गोळा करून माझ्या हातात दिले. फेब्रुवारी संपला होता. ती वही मी त्यानंतर उघडली नाही.

लोक समजतात, विश्वास एखाद्या मोठ्या धक्क्याने जातो. माझा तसा गेला नाही. एप्रिलमध्ये एका सकाळी मी नेहमीप्रमाणे गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि लक्षात आलं की मी स्वतःशीच बोलते आहे. समोर कोणी आहे असं वाटेना. मी उठले आणि पोहे भिजवायला घेतले. दुसऱ्या दिवशी गुडघे टेकलेच नाहीत. क्लास मी यशवंतांच्या आजाराचं कारण सांगून बंद केला. पाळकसाहेब घरी आले तेव्हा त्यांना दारात गाठून खरं सांगितलं. ते भले माणूस आहेत. "बुद्धीवर भिस्त ठेवू नका, ताई," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकत उभी राहिले.

ज्याने प्रभूला स्वीकारलं नाही तो हरवला, असं आम्हाला शिकवलेलं. विश्वास होता तेव्हा मला भीती होती, की हे हरवतील आणि मी एकटी स्वर्गात पोचेन. आता विश्वासच नव्हता, म्हणजे तिथे असं काही नव्हतंच. आमचं मूल नाही, आमचं मागे काही राहणार नाही, आणि पुढेही भेट नाही. मशीनची घरघर थांबेल तेव्हा सगळंच थांबेल. त्या महिन्याभरात मी त्यांना न्हाऊ घातलं, भात मऊ करून भरवला, औषधं दिली, आणि सगळा वेळ आतून दगड होते. एकदा तर वाटलं, लवकर सुटावं. त्यांनी की मी, ते आता सांगता येत नाही.

मे महिन्यातली ती दुपार. आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी कुत्रंही बाहेर दिसत नाही. बाराच्या सुमाराला वीज गेली. कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर गेला होता. मशीन इन्व्हर्टरवर चाललं, दीडच्या पुढे तेही बंद पडलं. अशा वेळेसाठी कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर भरून ठेवलेला होता. मी नळी त्याला लावली आणि काट्याकडे पाहिलं. काटा तळाला होता. मागच्या वेळी मीच तो नीट बंद केला नव्हता. थोडा थोडा करत सगळा ऑक्सिजन निघून गेला होता. दुकानात फोन लावला, कोणी उचलला नाही. उन्हाळ्यात ते दुकान एक ते चार बंद असतं. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, तासभर तरी लागेल. शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप, सगळे गावी गेलेले. यशवंत पलंगाच्या कडेला पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. खांदे वरखाली होत होते. ओठ निळे पडत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. श्वास घेणं हे एकच काम त्यांना उरलं होतं.

मी प्रार्थना केली नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण नंतर लोकांनी मला विचारलं, आणि मी केलीच असेल असं ते धरून चालले. माझ्या तोंडून फक्त 'नाही, नाही' एवढंच निघत होतं. मी अनवाणी धावत फाटकाबाहेर आले.

आमच्या फाटकासमोर कडुनिंबाचं मोठं झाड आहे. त्याच्या सावलीत एक पिवळी शाळेची व्हॅन उभी होती. सुट्ट्यांच्या दिवसांत ती तिथे असण्याचं काही कारण नव्हतं. चाळिशीचा एक माणूस दार उघडं टाकून आत बसला होता, गळ्यात ओला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. आणि मागच्या सीटवर, उशीवर आडवा ठेवलेला, एक मोठा ऑक्सिजनचा सिलिंडर होता.

मी त्याला काय बोलले ते मला आठवत नाही. तो मात्र लगेच उठला. "घाबरू नका, माय. भरेल हाय हा. पेशंट कुठं हाय?"

त्याने तो सिलिंडर खांद्यावर घेतला आणि घरात आला. मी यशवंतांना धरून उभी राहिले. त्याने सिलिंडरच्या मानेला बांधलेला पाना सोडला, ऑक्सिजनचं मीटर फिरवून बसवलं, कान लावून गळती आहे का पाहिली आणि विचारलं, "किती लावता? दोन लिटर का चार?" मी 'चार' म्हटलं. त्याने नळी यशवंतांच्या नाकाशी नीट बसवली, पाठीवर हात ठेवला आणि सावकाश म्हणाला, "नाकानं घ्या, काका. तोंडानं सोडा. हां. असंच." नवख्या माणसाचा तो हात नव्हता. दहा मिनिटांत ओठांचा रंग परत आला.

मग तो खाली जमिनीवर बसला आणि पाणी मागितलं. तो उमरेडचा. घर कोष्ट्यांचं, वडिलांनी जन्मभर हातमाग चालवला, याने शाळेची व्हॅन घेतली. वडिलांनाही फुप्फुसांचंच दुखणं. चार महिने त्याने त्यांना याच तऱ्हेने सिलिंडर लावले होते. वडील दहा दिवसांपूर्वी गेले. हा शेवटचा सिलिंडर त्यांच्यासाठी भरून नेला, तो वापरायची वेळच आली नाही. आज तो परत करायला नागपुरात आला, दुकान चारपर्यंत बंद निघालं, म्हणून सावली शोधत आमच्या झाडाखाली थांबला.

"पहिलेच आणून देणार होतो," तो म्हणाला. "पण माय नेऊ देत नव्हती. आठ-नऊ दिवस त्याच्यावर हात ठेवून बसे. जेवे बी तिथंच. आज सकाळी काय वाटलं तिले कोण जाणे. म्हणे, ने."

साडेपाचला वीज आली आणि मशीन सुरू झालं, तोवर तो बसून राहिला. जाताना सिलिंडर आमच्याचकडे ठेवून गेला. दुकानात मी सांगतो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी यशवंतांच्या पायाशी बसले होते. कितीतरी दिवसांनी आतला दगड हलला होता आणि मला त्याचीच भीती वाटत होती. मी त्यांना म्हटलं, "घ्या आता माझं बयान. सांगा हे काय होतं."

त्यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं. "दुकान चारले उघडते. झाडाले सावली असते. उन्हात मानूस सावलीत थांबते." थोडा श्वास. "पुरावा म्हणून नाही टिकत हे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मग डोळे उघडून ते म्हणाले, "पण त्या पोराले मी जन्मभर नाही विसरणार." आणि आपल्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं, कारण जन्म आता किती उरला होता ते आम्हा दोघांना माहीत होतं.

चार-पाच दिवसांनी त्यांनी विचारलं, "तू आजकाल प्रार्थना काहून नाही करत?"

मी चादर सारखी करत होते. "कशाच्या जोरावर करू?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "मी तुयं काही हिसकून तं नाही घेतलं ना वं?"

मी चादरीची कड खोचत राहिले. त्यांनी माझं मनगट पकडलं. हाताला जोर नव्हता. "मी बयान तपासून राहिलो होतो. तुया देवाले नाही तपासत होतो. तो मले कुठं भेटला तपासायले?" बोलताना त्यांना धाप लागली, मी थांबा म्हटलं, ते थांबले नाहीत. "तू गप्प झाली, तं घर कसंतरी लागते. सकाळी तुयं पुटपुटणं आयकायची सवय हाय मले एकतीस वर्षांची. कर. मी आयकतो."

मी त्यांच्यासमोर बसून प्रार्थना केली. क्लासमध्ये शिकवायची तशी नव्हती ती. स्तुती नाही, वचनांची आठवण नाही, मागण्यांचा क्रम नाही. मी म्हटलं, तू आहेस का ते मला ठाऊक नाही. माझी सगळी उत्तरं संपली. हा माणूस माझा आहे आणि मला तो सांभाळता येत नाही. पुढे हुंदकेच आले. यशवंत माझं मनगट धरून होते. माझं थांबल्यावर ते 'आमेन' म्हणाले नाहीत. "चांगलं झालं," म्हणाले, आणि झोपले. त्यानंतर रोज सकाळी ते मला आठवण करायचे, "तुयं पुटपुटणं राहिलं."

मे संपता संपता ते गेले. सकाळची वेळ होती, मी खिडकीचा पडदा सारून मागे वळले तेव्हा श्वास थांबलेला होता. त्यांच्या भावांनी, पुतण्यांनी सगळं त्यांच्या रीतीने केलं. विहारातले भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं. मी पांढऱ्या साडीत त्यांच्या घरच्या बायांमध्ये बसले. पाळकसाहेबही येऊन मागच्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसून होते. मी परत दगड झाले होते. घरी आल्यावर मशीन नव्हतं, त्याची घरघर नव्हती, आणि त्या शांततेत मला स्वतःचा श्वास ऐकू यायचा आणि नकोसा व्हायचा. मरून जावं असं वाटायचं. हे एवढंच लिहिते.

दीड महिन्याने पाळकसाहेब म्हणाले, की सिलिंडरची हकीकत तुम्ही मंडळीत साक्ष म्हणून सांगा. लोकांचा विश्वास दृढ होईल. मी लगेच हो म्हटलं नाही. यशवंतांसोबतच्या त्या दोन-तीन महिन्यांनी मला एक सवय लावली होती, ऐकीव सांगायचं नाही. या सगळ्यात एक जागा मी पाहिलेली नव्हती. व्हॅनवाल्याची ती म्हातारी आई. नऊ दिवस सिलिंडर न सोडणारी, आणि नेमकी त्याच सकाळी 'ने' म्हणणारी. खरं सांगायचं तर मला एक आशा होती. तिला स्वप्न पडलं असेल, कुणीतरी तिला सांगितलं असेल. असं काही ती म्हणाली असती तर मी तेवढ्या एका गोष्टीला धरून उभी राहिले असते.

दुकानातून पत्ता घेऊन मी एसटीने उमरेडला गेले. जुनं मातीचं घर. माग होता त्या खोलीतला, विणताना पाय सोडायचा खड्डा बुजवून वर फरशी घातलेली, तिथे व्हॅनचे टायर रचलेले. म्हातारी ओसरीवर वाल सोलत बसली होती. मुलाने माझी ओळख करून दिली आणि तो चहा सांगायला आत गेला. मी तिच्याजवळ बसले, थोडे वाल सोलले आणि विचारलं, "आजी, त्या दिवशी तुम्ही तो सिलिंडर नेऊ दिलात. त्याच दिवशी का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हातातला वाल खाली ठेवून आठवून बघितलं. तिने खोटं सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं.

"काही नाही वं माय," ती म्हणाली. "थकली होती मी. हात दुखे धरू धरू. म्हटलं, जाऊ दे आता."

"स्वप्न वगैरे काही पडलं होतं?"

"नाही. झोपच नव्हती येत, तं सपन कुठून पडते?" मग ती म्हणाली, "तुये मालक वाचले ना त्याच्यानं?"

"एकोणीस दिवस," मी म्हटलं.

"एकोणीस दिवस," ती म्हणाली, आणि वालाचे दाणे ओलांडून तिने माझा हात हातात घेतला. "लय झाले." तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. माझ्याही आलं, आणि स्मशानघाटावरून आल्यापासून मी पहिल्यांदा रडले, एका अनोळखी ओसरीवर, माझ्या प्रभूचं नावही ठाऊक नसलेल्या बाईच्या खांद्यावर.

परतताना बसमध्ये मी त्या एकोणीस दिवसांचा विचार करत होते. ते मिळाले नसते तर यशवंत माझ्याशी देवाविषयी जे शेवटचं बोलले असते ते कागद परत करतानाचं. त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितलंच नसतं. मला ते दिवस कुणी दिले, हे मी सांगू शकत नाही. एक थकलेली बाई होती, तिने हात काढून घेतला, एवढंच मला ठाऊक आहे. मीही थकले होते. एकतीस वर्षं मी यशवंतांना धरून होते, की यांना मीच तिथवर पोचवणार, माझ्या वहीने, माझ्या उत्तरांनी. बुटीबोरीच्या बाजूने ऊन उतरत होतं, खिडकीशी वारा होता, आणि मी पहिल्यांदा त्यांना सोडून दिलं.

मंडळीत मी साक्ष दिली. जे पाहिलं तेवढंच सांगितलं. मी प्रार्थना केली नव्हती, हे सांगितलं. म्हातारीला स्वप्न पडलं नव्हतं, हेही. यशवंतांनी शेवटी विश्वास ठेवला नाही, असं म्हणून मी खाली बसले. काही जण नाराज झाले. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं.

माझी निराशा गेलेली नाही. सकाळी ती माझ्या आधी उठते. पण मी गुडघे टेकते. ज्या पुराव्यांवर मी उभी होते त्यांतला एकही मला परत मिळालेला नाही आणि मी तो शोधतही नाही. त्या दुपारबद्दल आणि त्या दिवसांबद्दल आभार मानते, ते कुणाचे हे नीट न कळता. मग म्हणते, यशवंत तुझ्याकडे आहेत. तू असशील तर त्यांना सांभाळ. हे 'असशील तर' पूर्वी क्लासमध्ये कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. आता मी ते रोज म्हणते, आणि आमेन म्हणून उठते.